कुत्र्याच्या कातडीखालचा क्रमांक आणि माणसाची जबाबदारी

पिल्लू घरी आणणे सोपे आहे. मुले हट्ट धरतात, ओळखीच्या कोणाच्या तरी कुत्रीला पिल्ले झालेली असतात, नाहीतर नवा पगार हातात आलेला असतो आणि दुकानातले मऊ केसांचे पिल्लू टकमक पाहत असते. वर्षभरात ते पिल्लू मोठे होते. भुंकते, चपला फाडते, आजारी पडते, माजावर येते. शेजारी तक्रार करतात, घरमालक डोळे वटारतो. मग एखाद्या दिवशी त्याला स्कूटरवर बसवून गावाबाहेर, भाजी बाजाराच्या मागे, नाहीतर एखाद्या वस्तीच्या तोंडाशी सोडून दिले जाते. सोडणारा निघून जातो. कुत्रे मात्र धन्याची वाट पाहत तिथेच घुटमळत राहते. पुढे ते उपाशी मरते, गाडीखाली सापडते किंवा भेदरून कोणाच्या तरी लेकराला चावते. धनी शहराच्या एका टोकाला सुखात असतो आणि त्याच्या बेजबाबदारपणाची किंमत दुसऱ्या टोकाची माणसे मोजतात.

अशा धन्याला शोधून काढता आले तर? जगातील अनेक देशांनी त्यासाठी एक उपाय योजला आहे. प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवण्याची सक्ती, हा तो उपाय. आपल्याकडेही भटक्या कुत्र्यांवर चर्चा पेटली की या उपायाचे नाव निघते. म्हणूनच वाचकहो, या सक्तीने कुत्री सोडून देण्याला खरोखर आळा बसतो काय, हे आम्ही आज तपासून पाहणार आहोत.

चिप म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. चिप बसवली की कुत्रे कुठे फिरते आहे ते मोबाइलवर दिसते, असे पुष्कळांना वाटते. तसे काही नसते. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. जनावरांचे डॉक्टर जाड सुईने ती कुत्र्याच्या मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. हातात धरायचे वाचक-यंत्र जवळ नेले की त्या यंत्राच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि १५ अंकी क्रमांक सांगते. बस, एवढेच तिचे काम.

चिपमध्ये धन्याचे नाव नसते, पत्ता नसतो, फोन क्रमांकही नसतो. ती माहिती दुसरीकडे कुठल्या तरी नोंदवहीत असते. आज ही नोंदवही संगणकावर असते इतकेच. क्रमांक त्या नोंदवहीत शोधायचा आणि समोर आलेल्या नावाला फोन लावायचा, अशी ही सारी व्यवस्था आहे. म्हणजे कुत्र्याच्या मानेत असतो तो फक्त क्रमांक. धनी सापडणार की नाही, हे नोंदवहीवर अवलंबून असते.

ब्रिटनची कहाणी

या विषयात सर्वांत जास्त अभ्यासण्याजोगे उदाहरण ब्रिटनचे आहे. त्या देशात पूर्वी कुत्र्याचा परवाना काढावा लागे. त्याची फी शेवटी ३७ पेन्स, म्हणजे नाममात्र राहिली होती. पुष्कळ लोक तो काढतच नसत, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो परवाना बंद झाला. १९९२ च्या एका आदेशाने सार्वजनिक ठिकाणी कुत्र्याच्या गळ्यात धन्याचे नाव-पत्ता असलेला पट्टा सक्तीचा केला. पण पट्टा सोडून फेकून देता येतो, आणि कुत्रे सोडून देणारा माणूस पहिल्यांदा तेच करतो.

मग आली चिप. उत्तर आयर्लंडमध्ये एप्रिल २०१२ पासून कुत्र्याच्या परवान्यासाठी चिप आवश्यक झाली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०१६ पासून आठ आठवड्यांवरील प्रत्येक कुत्र्याला ती सक्तीची झाली. चिप नसलेले कुत्रे आढळले तर धन्याला २१ दिवसांची नोटीस देता येते, आणि तरीही चिप बसवली नाही तर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पिल्लाच्या नोंदीत पहिले नाव पैदास करणाऱ्याचे असले पाहिजे, ही यातली महत्त्वाची अट. पिल्लू ज्याच्या दारी जन्मले तिथपासून त्याचा माग राहावा, हा तिचा हेतू. पुढे १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये पाळीव मांजरांनाही चिप सक्तीची झाली.

आकडे काय सांगतात?

डॉग्ज ट्रस्ट ही तिथली जुनी प्राणिसंस्था. पालिकांच्या हाती लागलेल्या बेवारशी कुत्र्यांची पाहणी ती वर्षानुवर्षे करीत आली आहे. तिच्या पाहणीनुसार २०१०-११ मध्ये अशा कुत्र्यांची संख्या सुमारे १ लाख २६ हजार होती. २०१४-१५ मध्ये ती एक लाखाच्या थोडी वर होती, २०१५-१६ मध्ये ८१ हजार, २०१६-१७ मध्ये ६६ हजार आणि २०१७-१८ मध्ये ५६ हजारांच्या आसपास आली. सात वर्षांत निम्म्याहून खाली!

हे आकडे पाहून चिपचा जयजयकार करावासा वाटेल. पण हिशेब तपासणाऱ्याने तारखाही पाहिल्या पाहिजेत. सक्ती सुरू झाली एप्रिल २०१६ मध्ये. एक लाखावरून ८१ हजारांवर आलेली मोठी घसरण त्याच्या आधीच्या वर्षातली आहे. अर्थात कायदा येणार हे २०१३ पासून जाहीर होते, संस्था फुकट चिप बसवून देत होत्या आणि सक्तीपूर्वीच निम्म्याहून अधिक कुत्र्यांना चिप होती. तेव्हा चिपचा वाटा नाही असे म्हणता येणार नाही. पण सारे श्रेय एकट्या कायद्याला देणेही बरोबर नाही. शिवाय हे आकडे पालिकांच्या हाती आलेल्या कुत्र्यांचे आहेत. जे कुत्रे पालिकेने पकडलेच नाही ते या वहीत चढत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पालिकांनी पकडलेल्या या कुत्र्यांपैकी साधारण निम्मी आपल्या घरी परत जात. ती कोणती कुत्री? दार उघडे राहिले म्हणून निसटलेली, फटाक्यांना घाबरून पळालेली. त्यांचा धनी त्यांना शोधतच होता. चिपने त्याचा पत्ता लवकर सापडला, कुत्रे दिवसाच्या आत घरी गेले, पिंजऱ्यातली जागा मोकळी झाली, पालिकेचा खर्च वाचला. हे काम चिप उत्तम करते, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण उरलेल्या निम्म्यांचे काय? त्यांना न्यायला कोणी येत नाही. तिथल्या कायद्याने पालिका अशा कुत्र्याला सात दिवस ठेवून घेते. त्यानंतर त्याला नवे घर मिळते, नाहीतर मरणाची सुई मिळते. जाणूनबुजून सोडलेली कुत्री असतात ती याच गटात. हरवणे आणि सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत धन्याला कुत्रे हवे असते, दुसरीत नको असते. चिप फोन क्रमांक शोधून देईल, पण पलीकडून फोन उचलणाऱ्याच्या मनात माया कुठून आणणार?

नोंदवहीचे दुखणे

आम्ही वीस-बावीस वर्षे कारकुनी केलेली माणसे. आवक-जावक नोंदवह्या, पत्त्यांचे रजिस्टर, परत आलेल्या टपालाचे गठ्ठे यांत आमचे दिवस गेले. ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा मारून पोस्टमनने आणून दिलेली पत्रे आम्ही शेकड्याने फाईलला लावली आहेत. म्हणून आम्हांला चिपच्या व्यवस्थेतला कच्चा दुवा लगेच दिसतो. माणूस घर बदलतो, फोन बदलतो, कुत्रे मेहुण्याला देतो, मेहुणा ते पुढे मित्राला देतो. चिपमधला क्रमांक तोच राहतो, नोंदवहीतले नाव मात्र जुने होत जाते.

ब्रिटनमध्ये नेमके हेच झाले. पत्ता अद्ययावत ठेवणे ही कायद्याने धन्याची जबाबदारी असली तरी पुष्कळांनी ती पाळली नाही. त्यात भर म्हणजे नोंदवही एक नाही. खाजगी कंपन्यांनी चालवलेल्या वीसहून अधिक नोंदवह्या तिथे आहेत. क्रमांक कोणत्या वहीत आहे ते आधी शोधायचे, मग त्या वहीवाल्यांकडून धन्याची माहिती मिळवायची. सुटीच्या दिवशी रात्री रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याजवळ उभ्या असलेल्या पालिका कर्मचाऱ्याला हा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. आणि शेवटी धनी सापडलाच तर तो म्हणतो, “ते कुत्रे मी केव्हाच देऊन टाकले!” ते खोटे आहे हे सिद्ध कोणी करायचे?

आणखी एक गोष्ट. चिप बसवून, नोंद करून, पत्ता बदलला की कळवणारा माणूस मुळातच कुत्रे सोडून देणाऱ्यांतला सहसा नसतो. ज्याच्या मनात जबाबदारीच नाही तो चिपही टाळतो. म्हणजे कायदा पाळणारे नोंदवहीत येतात, आणि ज्यांच्यासाठी कायदा केला ते बाहेर राहतात.

फ्रान्सने काय शिकवले?

केवळ ओळख-क्रमांकाने प्रश्न सुटत नाही याचा मोठा पुरावा फ्रान्सने दिला आहे. तिथे १९९९ च्या कायद्यापासून चार महिन्यांवरील कुत्र्याला गोंदण किंवा चिप यांपैकी एक ओळख सक्तीची आहे. ब्रिटनसारखा वीस वह्यांचा गोंधळही तिथे नाही, राष्ट्रीय नोंदवही एकच आहे. तरीही वर्षाला सुमारे एक लाख पाळीव प्राणी सोडून दिले जातात, असा अंदाज तिथल्या प्राणिसंस्था वारंवार मांडत आल्या आहेत. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या, माणसे समुद्रकिनारी निघाली, की घरचे जनावर नकोसे होते आणि निवारे भरून जातात.

म्हणून फ्रान्सने ३० नोव्हेंबर २०२१ रोजी नवा कायदा केला. प्राणी सोडून देण्याची शिक्षा तीन वर्षे कैद आणि ४५ हजार युरो दंडापर्यंत वाढवली. परंतु आम्हांला त्यातली दुसरी तरतूद जास्त मोलाची वाटते. ऑक्टोबर २०२२ पासून पहिल्यांदाच कुत्रे-मांजर घेणाऱ्याला एका प्रमाणपत्रावर सही करावी लागते. या जनावराच्या गरजा काय, खर्च किती, जबाबदारी कोणती, हे आपण वाचले आहे अशी ती कबुली. आणि सही केल्यावर सात दिवस उलटल्याशिवाय प्राणी हाती मिळत नाही. १ जानेवारी २०२४ पासून दुकानात कुत्री-मांजरे विकण्यासही तिथे बंदी झाली. वीस वर्षांहून अधिक काळ क्रमांक देऊन पाहिल्यावर फ्रान्सने आपले लक्ष कुत्रे सोडण्याच्या क्षणावरून ते घेण्याच्या क्षणाकडे वळवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्लंडनेही एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्ले दलालांमार्फत विकण्यावर बंदी घातली. जपानने १ जून २०२२ पासून चिपची सक्ती प्रथम केली ती पैदास करणाऱ्यांवर आणि विक्रेत्यांवर. विकत घेणाऱ्याने ती नोंद स्वतःच्या नावावर करून घ्यायची. आधीपासून कुत्रे पाळणाऱ्या सामान्य घरांना मात्र सक्ती न करता केवळ प्रयत्न करण्यास सांगितले.

माणूस कुत्रे का सोडतो?

प्रश्नाचे मूळ इथे आहे. माणूस कुत्रे सोडतो कारण घरमालक ठेवू देत नाही, डॉक्टरचे बिल झेपत नाही, नोकरी गेली, घर मोडले, घरात कोणी आजारी पडले, पिल्लांमागून पिल्ले झाली, नाहीतर नुसता कंटाळा आला. यातल्या फक्त कंटाळा आलेल्या माणसाला पकडले जाण्याची भीती वेसण घालू शकेल. भाडे थकलेल्या माणसाला कातडीखालच्या क्रमांकाने घर मिळत नाही. २०२२ नंतर ब्रिटनमध्ये महागाई वाढली तेव्हा हेच दिसले. कुत्र्यांना चिप होत्या, तरीही ‘आमचे कुत्रे घ्या’ म्हणून निवाऱ्यांकडे विनवण्या करणाऱ्यांची रीघ लागली.

आमच्या मते या माणसांना गुन्हेगार समजू नये. रात्री रस्त्यावर सोडून पळणारा आणि दिवसाढवळ्या निवाऱ्यात आणून “मला जमत नाही” असे सांगणारा, या दोघांत फार मोठा फरक आहे. दुसऱ्यासाठी दार उघडे नसेल तर तोही उद्या पहिल्याच्या वाटेने जाईल. चिपचा धाक आणि निवाऱ्याचे दार ही दोन्ही एकत्र असली तरच धाकाला अर्थ आहे.

आपल्याकडे काय?

आपल्याकडचा प्रश्न मात्र ब्रिटनहून वेगळा आहे. तिथे रस्त्यावर दिसणारे जवळजवळ प्रत्येक कुत्रे कधी ना कधी कोणाचे तरी असते. आपल्या देशात २०१९ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतली बहुसंख्य रस्त्यावरच जन्मलेली आहेत. त्यांचा धनी कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही. पाळीव कुत्र्यांच्या चिपमुळे ती कमी होणार नाहीत. त्यासाठी निर्बीजीकरण, रेबीजची लस आणि कचऱ्याची विल्हेवाट हीच कामे नेटाने करावी लागतील. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलण्याचा आदेश झाला आणि २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत असे सांगण्यात आले. या साऱ्या वादात एका माणसाचे नाव कोणी घेतले नाही. तो म्हणजे हौसेने आणलेले कुत्रे रस्त्यावर भर घालून जाणारा धनी!

त्याच्यासाठी कायदा नाही असे नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास! पिल्लाची किंमत हजारांत आणि ते फेकून देण्याचा दंड पन्नास रुपये. शिवाय २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांत पैदास करणाऱ्यांची नोंदणी आणि पिल्लांना चिप या अटी घातलेल्या आहेत. महानगरपालिकांचा कुत्र्याच्या परवान्याचा नियम तर जुनाच आहे. नियम कागदावर आहेत. पण आपल्या गल्लीतल्या किती कुत्र्यांचा परवाना निघाला आहे, हे वाचकांनी स्वतःच मोजून पाहावे.

मग चिपची सक्ती करावी की नाही?

आमचे उत्तर असे आहे. करावी, पण क्रमाने करावी आणि तिच्याकडून नको त्या चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. पहिली सक्ती विकणाऱ्यावर व पैदास करणाऱ्यावर व्हावी. जो पिल्लांवर पैसा कमावतो त्याचे नाव क्रमांकाशी पहिले जोडले जावे. नोंदवही एकच आणि सरकारी असावी, खाजगी दुकाने नकोत. पालिकेच्या प्रत्येक श्वानपथकाकडे वाचक-यंत्र असावे, कारण वाचायला यंत्र नसेल तर चिपचा उपयोग शून्य. वस्तीतल्या ज्या माणसाने रस्त्यावरचे पिल्लू उचलून आपल्या भाकरीतला तुकडा त्याला घातला, त्याला चिप, लस आणि निर्बीजीकरण फुकट मिळाले पाहिजे. नाहीतर सक्तीचा दंड त्याच्याच खिशाला बसेल आणि बंगल्यातला विलायती कुत्रा सोडणारा पुन्हा नामानिराळा राहील. आणि खरोखर न झेपणाऱ्याला कुत्रे आणून देता येईल असा निवारा प्रत्येक मोठ्या शहरात असावा.

एवढे झाले तर चिप कुत्री सोडून देणे कमी करू शकेल. नुसती सुई टोचून मोकळे झालो, तर हरवलेली कुत्री तेवढी घरी येतील. तेही काही थोडे नाही, पण प्रश्न तो नव्हता.

शेवटी घरातल्या मंडळींशी दोन शब्द. पिल्लू आणायचे की नाही हे ठरवतात बहुधा बाबा आणि मुले, पण त्याला खाऊ घालणे, त्याची घाण काढणे, रात्री उठून दार उघडणे हे आईच्या अंगावर पडते. म्हणून आधी तिला विचारा. कुत्रे दहा-बारा वर्षे, कधी त्याहून जास्त जगते. मुलगा पाचवीत असताना आणलेले पिल्लू तो नोकरीला लागेपर्यंत घरात असेल. घर भाड्याचे आहे काय? गावी जाताना त्याला कोण सांभाळेल? आजारपणाचा खर्च जमेल काय? हे सारे एका कागदावर लिहून सात दिवस तो कागद घरात ठेवा. आठव्या दिवशीही सगळ्यांचे उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल पिल्लू आणा, त्याला चिप बसवा, परवाना काढा आणि पत्ता बदलला की नोंद बदला. उत्तर ‘नाही’ असेल तर मुलाला तसे सरळ सांगा. जे निभावता येणार नाही ते हौसेपायी घरात आणू नये, हा धडा त्याला पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल.